सायकलचा पंप घेताना घरातला सर्वांत लहान हात विचारात घ्या

कळंब गावात सायकलची हवा गेली तर कुणी फारसे घाबरत नाही. थोडे पुढे ढकलत नेले की पंक्चरचे दुकान येते, तिथे उभा पंप बाहेरच ठेवलेला असतो आणि चाचा रिकामे नसतील तर आपण स्वतः चार हात मारून हवा भरून घेतो. अडचण सुरू होते ती वस्ती मागे पडल्यावर. ईटकूर, शिराढोण, मोहा किंवा येरमाळा, कोणत्याही वाटेला लागा. दोन गावांच्या मधे उसाचे आणि सोयाबीनचे रान असते, दुकान नसते. मुलांना घेऊन मांजरा नदीच्या बाजूला सकाळी फिरायला निघालेले कुटुंब असो की शाळेला निघालेली मुलगी असो, चाक बसले की सायकल हातात धरून चालण्याखेरीज उपाय उरत नाही.

आपल्या भागात चाक बसण्याची कारणेही भरपूर. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराट्याचे वेल वाळतात आणि त्यांचे काटेरी फळ टायरला चिकटून आत शिरते. बांधावरची बाभूळ तोडली, गाडीत भरली, की रस्त्यावर फांद्यांचे तुकडे पडतात. वेड्या बाभळीचा काटा तर चपलेतून पायात जातो, सायकलच्या टायरचे काय घेऊन बसलात! ऊसतोडीच्या दिवसांत भरलेले ट्रॅक्टर समोरून आले की सायकल डांबरावरून खाली कडेला घ्यावी लागते, आणि काटे नेमके त्या कडेलाच असतात.

म्हणून या महिन्यात एका छोट्या वस्तूबद्दल बोलू. सायकलबरोबर नेता येईल असा हवेचा पंप. कोणता घ्यावा, कसा वापरावा आणि घरात तो कुणाला वापरता यायला हवा, एवढाच विषय आहे. पण या एवढ्याशा वस्तूवर काही घरांत मुलीची शाळा अवलंबून असते, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

“वाटेत पंक्चर झाली तर?”

आठवीनंतर गावातली शाळा संपते आणि पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर असते. मुलाला सायकल मिळते. मुलीच्या वेळी घरात प्रश्न निघतो, “वाटेत पंक्चर झाली तर ती काय करील?” प्रश्न काळजीपोटीच असतो, त्यात वावगे काही नाही. पण त्याचे उत्तर कुणी शोधत नाही. सायकल दाराशी उभी राहते आणि हळूहळू मुलगी घरी राहते.

सायकलीने किती फरक पडतो याचा हिशेब आपल्या देशात झालेला आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. शाळा दूर असलेल्या गावांत फायदा जास्त झाला. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो स्त्रिया सायकल शिकल्या, त्यात मुस्लिम घरांतल्या तरुणीही होत्या. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते.

सायकल मिळते, पण तिच्याबरोबर पंप मिळत नाही आणि पंक्चर काढायला कुणी शिकवत नाही. ते काम घराचे आहे. ज्या मुलीला स्वतः हवा भरता येते तिच्यापुरते “वाटेत पंक्चर झाली तर?” या प्रश्नाचे उत्तर तिच्या पिशवीतच असते.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. हवेचा टायर वापरात आला तोच मुळी एका मुलासाठी. बेलफास्टमध्ये राहणारे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला रबरी नळीत हवा भरून चाके बसवली, म्हणजे त्याला धक्के कमी बसतील, आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याआधी १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन यांनीही असे पेटंट घेतले होते, पण ते मागे पडले होते. आज सायकल चालवणारे प्रत्येक मूल त्या बापाच्या युक्तीवर बसून जाते.

आधी घरातल्या सायकलींचे वॉल पाहा

पंपाच्या दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्या सायकली एका ओळीत उभ्या करा आणि प्रत्येकीचा वॉल, म्हणजे हवा भरायचे तोंड, पाहा. तीन प्रकार दिसतील.

पहिला आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा. त्याच्या आत बारीक रबरी नळी असते, तिला दुकानदार वालट्यूब म्हणतात. हा डनलप वॉल. दुसरा मोटारसायकलसारखा जाड, आत मधोमध बारीक टाचणी असलेला. मुलांच्या नव्या सायकली आणि गिअरच्या सायकलींना बहुधा हाच असतो. त्याला श्रेडर म्हणतात. तिसरा लांब आणि अगदी बारीक, टोकाला फिरवायची छोटी चकती असलेला. तो प्रेस्टा, महागड्या शर्यतीच्या सायकलींना असतो.

अनेक घरांत अब्बांची सायकल डनलप वॉलची आणि मुलांची श्रेडरची असते. पंप एकच घ्यायचा तर दोन्हींवर बसणारा हवा. काही पंपांच्या तोंडात आतला रबर उलटा करून दोन्ही बाजूंनी वापरता येतो, काहींना दोन वेगळी भोके असतात. प्रेस्टासाठी असलेले बारीक तोंड डनलपवर बहुतेक वेळा बसते. तरी डब्यावर काय छापले आहे त्यावर जाऊ नका. शक्य असेल तर सायकल दुकानापर्यंत न्या आणि लावून पाहा.

एक पंप घरी, एक पिशवीत

घरी ठेवायला पाय रोवून दोन्ही हातांनी दाबायचा उभा पंप उत्तम. रोजची हवा त्यानेच भरावी. पण तो बरोबर नेता येत नाही. वाटेसाठी वीतभर ते हातभर लांबीचा छोटा पंप लागतो, आणि निवड चुकते ती इथेच.

विजेवर चार्ज होणारे छोटे पंपही बाजारात आले आहेत. घरी ते सोयीचे आहेत. पण चार्ज करायला विसरलो, की रस्त्यात त्याचा उपयोग शून्य. तो घेतला तरी हाताचा पंप सोडू नका. गॅसच्या छोट्या नळकांड्यांनी चाक क्षणात भरते, मात्र एक नळकांडे एकदाच चालते आणि ते इतके थंड पडते की उघड्या हाताला इजा होऊ शकते. मुलांच्या हाती ते देऊ नये.

जाड नळी की बारीक?

छोटा पंप निवडताना लांबी आणि रंग पाहण्यापेक्षा नळीची जाडी पाहा. थोडे गणित करू, सोपे आहे.

२६ इंची जाड टायरच्या ट्यूबमध्ये साधारण सव्वातीन लिटर जागा असते. तिच्यात ४० पीएसआय दाबाने हवा भरायची तर बाहेरची सुमारे ९ लिटर हवा आत कोंबावी लागते. पंपाच्या नळीचा आतला व्यास २ सेंटिमीटर आणि दट्ट्याची चाल १५ सेंटिमीटर असेल, तर एका दमात जेमतेम ४७ मिलिलिटर हवा जाते. म्हणजे दोनशेच्या आसपास वेळा हात मारावा लागेल. नळी अडीच सेंटिमीटर जाड आणि चाल २० सेंटिमीटर असेल तर शंभरेक वेळांत काम होते. घरच्या उभ्या पंपाला तेच काम पंचवीस-तीस दाबांत जमते.

मग जाडच घ्यावा की! थांबा. ४० पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २.८ किलो दाब. बारीक नळीत शेवटचे दाब मारताना हाताला सुमारे ९ किलोचा जोर लागेल. अडीच सेंटिमीटरच्या नळीत तो १४ किलोच्या जवळ जातो, म्हणजे तेलाच्या १५ किलोच्या डब्याइतका. मोठ्या माणसाला हे जड नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला किंवा मनगट दुखणाऱ्या अम्मीला मात्र ते जमणार नाही, आणि पंप हातात असूनही चाक अर्धेच भरलेले राहील.

आपण मात्र करतो उलटे. घरातला मोठा माणूस दुकानात जातो, आपल्या हाताने दोन-चार वेळा दाबून पाहतो, “झकास आहे” म्हणतो आणि घेऊन येतो. पुढे तो पंप वाटेत वापरायची वेळ येते मुलीवर. म्हणून जी सर्वांत लहान व्यक्ती एकटी सायकल नेणार आहे, तिलाच दुकानात घेऊन जा. तिने तिच्या सायकलीचे चाक त्या पंपाने शेवटपर्यंत भरून दाखवले, तर तो पंप तुमच्या घराचा. तिला दोनशे वेळा हात मारणे चालेल, दमली की थांबून पुन्हा सुरू करता येते. जोरच पुरत नसेल तर थांबूनही उपयोग नाही.

आणखी चार गोष्टी पाहा. एक, पंपाच्या तोंडाला वीतभर लवचीक रबरी पाइप असावा. थेट वॉलवर बसणारा पंप मारताना हलतो आणि वॉल मुळाशी तुटतो, मग ट्यूबच बदलावी लागते. दोन, उलगडणारा पाय असेल तर पंप जमिनीवर टेकवून अंगाचा भार देता येतो, लहान मुलांसाठी ही मोठी सोय. तीन, दट्ट्याचा वायसर सुटा मिळतो का, विचारा. चार, पंप ठेवणार कुठे? बहुतेक छोट्या पंपांबरोबर सायकलच्या दांड्याला लावायची पट्टी येते. लेडीज सायकलला वरचा दांडा नसतो आणि खालच्या दांड्यावर लावलेला पंप पायात येतो. ओढणी, बुरखा किंवा सलवार त्यात अडकू शकते. त्यापेक्षा पुढच्या टोपलीत किंवा कॅरिअरच्या पिशवीत पंप ठेवावा. मागच्या चाकाला जाळी आणि चेनला कव्हर तर हवेच हवे.

हवा भरायची कशी

आधी टायरच्या कडेला काय छापले आहे ते वाचा. तिथे पीएसआय किंवा केपीए या मापात दाब दिलेला असतो. २८० केपीए म्हणजे साधारण ४० पीएसआय. छापलेल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढे कधीही जायचे नाही.

श्रेडर वॉल असेल तर टोपण काढा, पंपाचे तोंड सरळ दाबून बसवा आणि खटका उभा करा. सुरुवातीला फुस्स आवाज येऊन थांबला म्हणजे नीट बसले. एका हाताने तोंड आणि चाक धरून ठेवा, दुसऱ्या हाताने दट्ट्या पूर्ण मागे ओढून पूर्ण दाबा. अर्धवट घाईचे दाब मारले तर हात दुखतो, हवा मात्र जात नाही. नळी गरम होते, ते साहजिक आहे. दाबली गेलेली हवा तापतेच. फक्त तोंडाजवळच्या धातूला हात लावू नका. प्रेस्टा असेल तर आधी टोकाची चकती सैल करून बोटाने एकदा दाबावी, हवा भरल्यावर पुन्हा आवळावी.

डनलप वॉल असेल तर हवा भरण्याआधी वरची चकरी घट्ट आहे ना, पाहा. कितीही मारले तरी हवा थांबत नसेल तर ट्यूब फाटली असे लगेच समजू नका. आतली वालट्यूब उन्हाने कडक होऊन चिरते. चकरी खोला, वॉल बाहेर काढा, नवी नळी ओली करून चढवा, झाले. या वॉलवर पंपाचा काटा खऱ्यापेक्षा जास्त दाब दाखवतो, कारण वालट्यूब उघडायलाही जोर लागतो. म्हणून अंगठ्याने दाबून पाहण्याची जुनी रीतच बरी. स्वार बसल्यावर टायर किंचित दबावा, रीम जमिनीला लागता कामा नये.

उन्हाळ्याचा प्रश्न नेहमी येतो. सकाळच्या २५ अंशांत ४० पीएसआय भरलेले चाक भर उन्हात ६० अंशांपर्यंत तापले तर आतला दाब सहा-सात पीएसआयने वाढतो. चांगला टायर एवढ्याने फुटत नाही. फुटतो तो चिरलेला, जुना किंवा आधीच काठोकाठ भरलेला. एप्रिल-मेमध्ये छापील आकड्याच्या थोडे खालीच थांबा आणि सायकल सावलीत लावा. फजरच्या नमाजनंतर निघून ऊन चढायच्या आत परतलात तर माणसे आणि टायर, दोन्ही सुखात राहतात. ट्रकच्या टायरला हवा मारणाऱ्या कॉम्प्रेसरवर मुलांना सायकल घेऊन एकटे पाठवू नका. सायकलची ट्यूब तिथे काही सेकंदांत भरते आणि हात आवरला नाही तर फुटते.

नुसता पंप पुरत नाही

काटा गेला असेल तर हवा भरून थोडे अंतर जाता येते, पुन्हा भरावी लागते. घर जवळ असेल तर तेवढेच करा. दूर असेल तर पंक्चर काढावे लागेल. त्यासाठी पंपाबरोबर एका छोट्या थैलीत प्लास्टिकच्या दोन टायरपट्ट्या, तीन-चार पॅच, सोल्युशनची ट्यूब, पॉलिश पेपरचा तुकडा, दोन वालट्यूब आणि जुने सुती कापड ठेवा.

एका पंक्चरसाठी चाक काढायची गरज नाही. सायकल आडवी करा किंवा उलटी उभी करा, पट्ट्यांनी टायरची एक बाजू रीमबाहेर घ्या आणि ट्यूब तेवढीच बाहेर ओढा. हवा भरून गालाजवळ फिरवा, भोक कुठे आहे ते कळते. तिथे पॉलिश पेपरने घासा, सोल्युशनचा पातळ थर लावा आणि पाच मिनिटे थांबा. ओले सोल्युशन पॅच धरत नाही, चमक गेली की मगच पॅच दाबा.

आता सर्वांत महत्त्वाचे. ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरवा. कापड जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो काढला नाही तर शंभर पावलांवर पुन्हा तेच. सराट्याचे काटे एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी शिरलेले असतात, म्हणून एक सापडला म्हणून थांबू नका.

घरी परतल्यावर पंपाकडेही लक्ष द्या. जुन्या पद्धतीच्या पंपात चामड्याचा वायसर असतो, उन्हाळ्यात तो सुकून आक्रसतो आणि दट्ट्या नुसता मागेपुढे होतो. दट्ट्या काढून वायसरला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब द्या आणि बोटांनी कडा फाकवा, पंप पुन्हा धरतो. रबरी वायसरला मात्र हे तेल लावू नका, रबर फुगते. त्याला सिलिकॉन ग्रीस लागते. काळ्या मातीचा चिखल पंपाच्या तोंडात गेला तर धुऊन, वाळवून मगच वॉलवर लावा. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, अधूनमधून दाबून पाहा.

शिकवायचे कुणाला? सगळ्यांना. भाईजानला येते म्हणून बहिणीला यायची गरज नाही, असे होऊ देऊ नका. भाईजान रोज बरोबर नसतो. येत्या रविवारी अंगणात एका चाकाची हवा मुद्दाम सोडा आणि घरातल्या प्रत्येक सायकलस्वाराला ती स्वतः भरू द्या, मोठ्यांनी हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी जुनी ट्यूब घेऊन पॅच लावायला शिकवा. घरी कुणाला येत नसेल तर गल्लीतल्या पंक्चरवाल्या चाचांना विनंती करा आणि शिकवण्याचे पैसे आवर्जून द्या. दोन-तीन वेळा केले की दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही हे जमते.

त्यानंतर आठवड्याचा एक वार ठरवा. जुम्याला कपडे काढून ठेवतो, तसे त्या दिवशी सगळ्या सायकलींची हवा पाहायची आणि टायरमध्ये रुतलेले काटे उपटायचे. हे काम सर्वांत लहान स्वाराकडे सोपवा आणि पिशवीतला पंप जागेवर आहे ना, तेही त्यालाच किंवा तिलाच पाहू द्या.